बारा फुटांच्या रांगेत तुमची बहीण

तीर्थस्वरूप अक्का यांच्या चरणी,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार (आत्ता खरोखरच वाकलो होतो, पण ते पेन पडलं म्हणून, नमस्कार त्यातच उरकला असं समजू नये, तो वेगळा केला आहे). इकडे मी सोडून सगळे ठीक आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात औषध घालण्याआधी हात धुता ना, आणि धुतल्यावर पुसता ना? साबणाचा हात डोळ्याला लागला तर साथ राहील बाजूला आणि डोळाच जाईल. भाजीवाल्याशी दाराआडून बोलावं. तो शिंकला तर त्या दिवशी भाजीशिवाय भागवावं. आमच्या वेळी जंतूंचा धडा पाचवीच्या पुस्तकात होता आणि माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे जंतू नेमका किती उडी मारतो हे मला माहीत नाही. ज्याला माहीत नाही त्याने जास्त घाबरावं, हे बरं. मी वर्तमानपत्रसुद्धा इस्त्री फिरवूनच वाचतो. परवा त्यात अग्रलेख जळाला, पण तुमची बहीण म्हणाली, फार काही गेलं नाही. हे पत्रही इस्त्री करूनच पाठवतो आहे. कागदावर कुठे पिवळा डाग दिसला तर घाबरून जाऊ नये, तो रोग नव्हे.

आता मुद्द्यावर येतो (मी मुद्द्यावर येईपर्यंत समोरचा माणूस जेवून परत येतो, असं तुमची बहीण म्हणते). मुद्दा तिच्याबद्दलचाच आहे. जिला मी सात महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, ती आता रोज सकाळी एकटी रस्त्यावर चालायला जाते. आणि हे माझ्याच हातून झालं. घरात माझं ती ऐकत नाही, तुमचं मात्र ऐकते. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. वाचून काय ते ठरवावं.

आमच्या इमारतीसमोर धर्मादाय दवाखाना आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे प्राणवायूचं यंत्र नव्हतं. मोठ्या इस्पितळात खाट मिळेपर्यंत माणसाने तग धरायचा तर ते जवळ हवं. म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी टूम काढली की दवाखान्याच्या भोवती जो चौकोनी रस्ता आहे, त्यावरून लोकांनी तीन फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक फेरीमागे दुकानदारांनी यंत्रासाठी देणगी द्यावी. हे सगळं साथीचे नियम पाळून. त्याची सभा दवाखान्याच्या अंगणात भरली. खुर्च्या लांबलांब मांडल्या होत्या. मी फाटकाबाहेर बसलो होतो आणि वारा सभेकडून येत होता म्हणून छत्री आडवी धरली होती. सुरक्षेचं काम कुणाकडे द्यायचं असा प्रश्न निघाला तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, इथे सगळ्यात जास्त कोण घाबरतं त्याच्याकडे द्या. कुणी नाव घेतलं नाही, नुसत्या माना वळल्या. मी छत्रीआडून पाहिलं तर बेचाळीस डोळे माझ्याकडे. मग शिट्टीवाले सर म्हणाले, वा मास्तर, झालात प्रमुख. (सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. शिट्टी अजून गळ्यात असते. मी शिंपी, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. सर खरे मास्तर, पण त्यांना कुणी मास्तर म्हणत नाही, याचा त्यांना राग आहे.)

मी नाहीच म्हणणार होतो. पण नाव देणाऱ्यांची यादी फिरत फिरत माझ्याकडे आली, आणि पहिल्याच ओळीत, ठसठशीत अक्षरात, तुमच्या बहिणीचं नाव. घरात एका शब्दाने बोलली नव्हती. सकाळी मला चहा देताना चेहरा असा, की जणू चहाशिवाय तिच्या डोक्यात काही नाही. तेव्हा मी मनात म्हटलं, होऊ या प्रमुख. प्रमुख झालं की नियम आपल्या हातात, आणि नियम असा काढू की एक नाव आपोआप गळेल आणि वाईटपणाही येणार नाही.

अक्का, इथे तुम्ही म्हणाल, बिचारी चालते तर चालू दे की. डॉक्टरही तेच म्हणतात. तिच्या आजारपणानंतर रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चाला, असं त्यांनी कागदावर लिहून दिलेलं आहे. तो कागद मी जपून ठेवला आहे (तिला सापडणार नाही असा). पण तुम्ही तेव्हा इथे नव्हता. तिला इस्पितळात नेलं तेव्हा मला फाटकाशीच थांबवलं. ती आत गेली आणि थोड्या वेळाने पहारेकऱ्याने तिच्या चपला पिशवीत घालून माझ्याकडे परत दिल्या. आत नेऊ देत नव्हते, एवढंच कारण. पण ते त्याने मला सांगितलं नाही. पिशवी हातात घेऊन मी घरी आलो. अकरा दिवस चपला घरात आणि माणूस नाही. मी त्या दाराशी नेहमीच्या जागी लावून ठेवायचो, मग उचलून आत ठेवायचो, मग परत दाराशी. ती बरी होऊन आली तेव्हा मी ठरवलं, आता ही बाई घरातच राहील. स्वयंपाकघर ते खिडकी एवढी वाट चालायला पुरे आहे, बावीस पावलं आहेत, मी मोजली आहेत.

तर नियम. पहिला नियम केला, साठीच्या वरच्यांना बंदी. यादीत पासष्ट नावं होती, त्यातली नऊ उरली, आणि त्या नवांतल्या दोघी बाळंतपणाला टेकलेल्या. बंदी उठवावी लागली. मग केलं, ज्याला आजार होऊन गेला आहे त्याने डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. तुमच्या बहिणीने ती नर्सबाईंकरवी पंधरा मिनिटांत मागवली, आणि चिठ्ठीत डॉक्टरांनी 'चालायला पाठवलंच पाहिजे' यातल्या 'च'खाली दोन रेघा मारल्या होत्या. शेवटी मी अट घातली की तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढून दाखवावं, ज्याला धाप लागेल तो बाद. प्रमुखाने जातीने बरोबर चढून पाहायचं ठरलं. ती वर गेली, गच्चीवरचे वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या आणि खाली आली. मी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभा होतो. माझ्या हातात पाण्याचा पेला ठेवून ती पुढे गेली. नर्सबाईंनी वही उघडून विचारलं, कोण बाद. मी म्हटलं, ही चाचणी नकोच, लोकांना त्रास होतो.

ज्यांना धावायचं आहे त्यांनी धावावं असं आधी ठरलं होतं. ते मी बंद केलं, कारण धावणाऱ्याचा श्वास लांबवर जातो. शिट्टीही बंद केली, कारण शिट्टी म्हणजे तोंडातला वारा पिपाणीतून सगळ्यांना वाटणं. (त्या दिवसापासून सर माझ्याशी बोलत नव्हते.) त्याऐवजी सरांकडे हिरवं कापड, ते हलवलं की सगळ्यांनी निघायचं. आणि लाल कापड माझ्याकडे, ते दिसलं की सगळ्यांनी आहे त्या जागी थांबायचं. मधेच कुणी थांबायचं नाही, कारण एक थांबला की मागचा त्याच्या अंगावर येणार. मास्क मी स्वतः शिवले, पासष्टच्या पासष्ट. तीन थर, आत अस्तर, आणि मजबुतीसाठी मधे कॉलर ताठ ठेवणारं जाड कापड, बक्रम. असा मास्क बाजारात मिळणार नाही. त्यातून जंतू जात नाही. आवाजही जात नाही, हे मात्र पुढे कळलं.

चूक झाली ती मापात. आमच्या धंद्यात कापड नेमक्या मापाला कधी कापत नाहीत. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस उद्या जाड झाला तर उसवून कपडा वाढवता येतो. चाळीस वर्षं मी माया सोडल्याशिवाय कात्री चालवली नाही. लोकांनी उभं राहायचं ते सरकारी माप सहा फूट. पण नुसत्या सहा फुटांवर खडूची खूण करायला माझा हात धजेना. शिंकेसाठी एक फूट सोडला. वाऱ्यासाठी एक. जे सांगूनही पुढे सरकतात त्यांच्यासाठी दोन. उंच माणसांसाठी एक, आणि एक माझ्या मनाच्या समाधानासाठी. झाले बारा. आदल्या दिवशी दुपारभर मी टेप घेऊन, वाकून, उलट्या पावलांनी रस्त्यावर खुणा करत गेलो. औषधाच्या दुकानापासून वळलो, पाण्याच्या टाकीशी वळलो, लाँड्रीपाशी वळलो. पासष्टावी खूण केली आणि कशाला तरी पाठ टेकली म्हणून वळून पाहिलं, तर दवाखान्याचं फाटक. जिथून निघालो तिथेच. रस्ता सातशे ऐंशी फूट, रांगही सातशे ऐंशी. मी म्हटलं, छान बसलं माप, कुठे चुणी नाही. यात काही घोटाळा आहे हे माझ्या तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहाटे उठून छातीवर लावायच्या आकड्यांच्या कापडी चौकोनांना इस्त्री केली, पासष्टांनाही. वाफेत डोकं घालून. त्यावर दोन मास्क, हातमोजे आणि अंगभर रेनकोट घालून उन्हात फाटकाशी उभा राहिलो. नर्सबाई कपाळासमोर तापाचं पिस्तूल धरून एकेकाला आत सोडत होत्या. तुमच्या बहिणीचं अठ्ठ्याण्णवच्या आत. ती माझ्याकडे न बघता आत गेली. मग बाई म्हणाल्या, काका, तुमचंही बघते. माझं निघालं शंभराच्या वर.

मी म्हटलं, ही इस्त्रीची वाफ आहे. बाई म्हणाल्या, असेल. मी म्हटलं, रेनकोट आहे. त्या म्हणाल्या, दिसतोय. मग त्यांनी फाटकावरचा कागद दाखवला: नियम चार, नव्याण्णवच्या वर ताप असलेल्यास एक तास वेगळ्या खोलीत बसवावे, कारण ऐकून घेऊ नये. अक्षर कुणाचं, त्यांनी विचारलं. अक्षर माझं. 'कारण ऐकून घेऊ नये' हे शब्द तर मी मुद्दाम घातले होते, तुमच्या बहिणीसाठी. शिट्टीवाले सर बाजूला उभे होते. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, मास्तर, नियम सुंदर आहे.

मला पट्ट्या आणि कापूस ठेवायच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. खोलीला रस्त्याकडे एक खिडकी आहे, गजांची. तिच्यातून मी सगळं पाहिलं. पासष्ट माणसं आपापल्या खुणेवर उभी राहिली तेव्हा रांग रस्त्याच्या चारी बाजूंनी फिरून परत फाटकाशी आली होती. तुमची बहीण पहिली, एक नंबर. पण तिच्या पुढे बारा फुटांवर पासष्ट नंबरची पाठ, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले रोखपाल. रोखपाल मागे वळून तिला म्हणत असावेत, तुम्ही पहिल्या ना, मग पुढे व्हा. आणि ती म्हणत असावी, तुम्ही शेवटचे ना, मग मागे जा. (दोघांच्या तोंडाला बक्रम, त्यामुळे नुसते हात दिसत होते.) सरांनी हिरवं कापड हलवलं आणि सगळं कडं एकदम फिरायला लागलं.

तीन फेऱ्या झाल्या. आता थांबायचं कुणी? पहिल्याने थांबावं तर मागचा बारा फुटांच्या आत येणार. शेवटच्याने थांबावं तर त्याच्या मागे पहिला. आणि नियम असा की लाल कापड दिसल्याशिवाय कुणी थांबायचं नाही. माणसं भली हो, नियम पाळणारी. चौथी फेरी सुरू झाली. रोखपाल नुसते फोटोपुरते आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, तेही चालले आहेत. औषधाचा दुकानदार गल्ल्यामागून डोळे विस्फारून बघतो आहे, कारण फेरीमागे सगळ्यात मोठी देणगी त्याने कबूल केलेली. मी गजांना धरून ओरडलो, थांबा, थांबा. दोन मास्क, सहा थर. लोकांना वाटलं मास्तर हुरूप देताहेत. त्यांनी हात हलवले आणि पाय आणखी उचलले. मी जितका ओरडलो तितकी रांग जोरात.

आता जे लिहितो ते इथे कुणाला सांगितलेलं नाही. समितीला मी सांगितलं की लाल कापड गडबडीत सापडलं नाही. अक्का, ते सापडलं होतं. पाचव्या फेरीच्या सुरुवातीलाच रेनकोटाच्या आतल्या खिशात सापडलं. फाटकाशी सर उभे होते, खिडकीतून एकदा हलवलं असतं तर त्यांनी पाहून सगळ्यांना थांबवलं असतं. मी ते बाहेर काढलं, गजातून हातही घातला, आणि नेमकी तुमची बहीण कोपऱ्यावरून आली. मला वाटलं होतं धापा टाकत असेल, छातीवर हात असेल. तसं काही नव्हतं. हात मोकळे सोडून चालत होती. आजारपणाआधी बाजारातून परत येताना चालायची तसं, म्हणजे मी दोन पावलं मागे आहे हे विसरून. मास्कवरून नुसते डोळे दिसत होते आणि ते कुठल्याच खिडकीकडे बघत नव्हते. ती गेली. कापड मी परत खिशात ठेवलं. म्हटलं, एवढी एक फेरी होऊ दे. मग पुढच्या फेरीलाही तेच म्हटलं.

तास भरला, बाईंनी कडी काढली, माझं सत्त्याण्णव निघालं. मी बाहेर जाऊन लाल कापड हलवलं तेव्हा आठवी फेरी पुरी होत होती. सगळे आहे तिथे थांबले. कुणी कुणाच्या जवळ आलं नव्हतं, पंधरा दिवस वाट पाहिली, कुणालाही ताप आला नाही. मोठ्या डॉक्टरांनी येऊन विचारलं, गर्दी न होता एकाच वेळी सगळ्यांना चालवायची ही युक्ती कुणाची. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली, तो त्यांना विनय वाटला. यंत्र आलं आहे, दवाखान्यात कोपऱ्यात उभं आहे. रोखपाल तीन दिवस जिना उतरले नाहीत.

आणि तुमची बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चालायला गेली. मी विचारलं, कुठे. म्हणाली, आठ फेऱ्या तुम्हीच मारायला लावल्या, आता बावीस पावलांत माझं भागत नाही. तेव्हा अक्का, तुम्ही मोठ्या, तुमच्या शब्दाला वजन आहे. तिला चांगलं खरमरीत पत्र लिहावं की या दिवसांत असं एकटीने हिंडू नये, घरातच काय ते चालावं. माझं नाव घेऊ नये. जपून असावं, डोळ्याला हात लावू नये.

तुमचा,
सात महिने नीट झोप न झालेला मेहुणा

ता. क. एक: पत्र पुरं करून वाचलं. खरमरीत लिहू नये, साधंच लिहावं. हल्ली ती सकाळी परत आल्यावर दोन पोळ्या जास्त खाते, आणि रात्री गाढ झोपते. काल माझ्यावर ओरडली तेव्हा एका श्वासात ओरडली, मधे खोकली नाही. मला बरं वाटलं.

ता. क. दोन: लिहूच नये. लिहायचंच झालं तर दुसरं लिहावं. नवऱ्यालाही बरोबर नेत जा, त्यालाही मोकळी हवा लागते, असं. तुम्हालाच सुचलं आहे असं लिहावं. मी दोन दिवस चपला घालून दाराशी उभा राहिलो, तिला वाटलं मी तिला अडवायला उभा आहे, ती मला वळसा घालून गेली.

ता. क. तीन: पत्र पाकिटात घालायच्या आधी हे आणखी. तुम्ही काहीच लिहायची गरज उरली नाही. दवाखान्याने पुढच्या महिन्यात पुन्हा चालायचं ठरवलं आहे, इस्पितळापर्यंत आणि परत. या वेळी प्रमुख तुमची बहीण आहे. काल तिने माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाली, नाव घाला, उद्यापासून सरावाला यायचं. मी सही केली. फक्त एक काम तुमच्याकडे आहे, तुमचा फोन नंबर पाठवावा आणि त्या दिवशी फोन जवळ ठेवावा. कागदावर एक रकाना आहे, 'काही झाल्यास कोणास कळवावे'. तिथे मी तुमचं नाव लिहिलं आहे. तुमच्या बहिणीचं लिहीत होतो, पण तिने ते खोडलं. म्हणाली, मला कशाला कळवायला हवं, मी बरोबरच असणार आहे.